वरचा खण गाडीचा

मित्रांनो, मला उचललंत तर माझं झाकण जरा खडखडेल. वय झालं आता. दोन खणांचा, एका कडीचा, जुना पितळी डबा मी. भंडाऱ्याच्या एका कारखान्यात ठोके खाऊन मला आकार आला, आतून कल्हईचा पांढरा लेप बसला, आणि यादोराव नावाच्या तरुण कामगारानं दुकानातल्या रांगेतून नेमकं मलाच उचललं. तेव्हापासून मी वरठीचा.

वरठी म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांचं गाव. इथला लोखंडाचा कारखाना माणसांना भोंग्यावर बोलावतो आणि इथलं स्टेशन माणसांना नागपूरला नेतं. यादोराव कारखान्यात जायचे. त्यांच्या सायकलच्या हँडलला लटकून मी झुलत जायचो. त्यांची बायको विमलाबाई मला चिंच-राख लावून असं घासायची, की शेजारणी विचारायच्या, "का वो, डबा नवा घेतला का?" मी आतल्या आत फुगायचो. पुढे आमच्या भंडारा जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा निघाला, पाट्यांवरची नावं बदलली. माझा रस्ता मात्र तोच राहिला.

मग यादोराव निवृत्त झाले आणि मी फळीवर गेलो. कोणीतरी माझ्यात खिळे भरले. ज्यानं आयुष्यभर भाजीचा वास घेतला, त्यानं गंजाचा वास घेत पडून राहायचं! माझी कल्हई उडाली, पोटात हिरवं चढलं. मी मनाशी म्हटलं, संपलं.

पण यादोरावांचा मुलगा अंकुश नागपूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागला. आमच्याकडे रोज असं जाऊन येणाऱ्याला 'अपडाऊनवाला' म्हणतात. त्याची बायको प्रतिक्षा, कडेवर तान्ही लेक, तिनं मला फळीवरून खाली काढलं.

"पितळी डबा? लोक हासतील ना," अंकुश म्हणाला.

"हासू द्या. बाबांचा डबा हाये."

तिनं मला पुन्हा कल्हई करून आणली आणि एक नियम घातला. वरचा खण गाडीचा, खालचा खण दुपारचा. कारण सकाळच्या गाडीत अपडाऊनवाल्यांची पंगत बसायची. मांडीवर पेपर अंथरायचा, सगळ्यांचे वरचे खण उघडायचे आणि ज्याला जे आवडेल त्यानं ते उचलायचं. प्रतिक्षाच्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या, वड्यांवर तर झडप पडायची. मित्रांनो, माझे ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

एकदा पंगतीत एक नवीन गृहस्थ आले. वडी खाऊन बोटं पुसत त्यांनी विचारलं, "अंकुशभाऊ, पूर्ण नाव काय म्हणालात?"

अंकुशनं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. आडनावावरून जात ओळखणारे लोक अजून आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझं झाकण उघडलं आणि एकही हात आला नाही. एकाला उपास होता. एकाला डॉक्टरनं तेल बंद केलं होतं. तिसरा खिडकीबाहेर पाहत राहिला. पुढच्या दिवशीही तेच. अंकुश माझे दोन्ही खण एकटाच संपवायचा, घरी काही उरलेलं दिसू नये म्हणून. शेवटी एके सकाळी तो गाडीच्या त्या डब्यात चढलाच नाही. पुढच्या डब्यात गेला.

तिथं शकुनबाई भेटली. तुमसरकडून टोपलीभर शिंगाडे घेऊन नागपूरला विकायला जाणारी म्हातारी. माझं झाकण निघायचा अवकाश, तिचा हात आत. "कोनं केल्या रे बाबू वड्या? हात गोड हाये तिचा!" खाऊन झालं की ती मला बाटलीतल्या पाण्यानं विसळायची, पदरानं पुसायची आणि वरच्या खणात उकडलेले शिंगाडे भरायची. "घरी लेकरू हाये ना? रिता डबा नेऊ नोको."

मला वाटलं, सुटलो. पण घरी वेगळंच शिजू लागलं.

प्रतिक्षानं पहिल्या दिवशी शिंगाडे पाहिले, ताटात काढले. दुसऱ्या दिवशी तिनं मला नाकाशी नेलं. तिसऱ्या दिवशी माझ्या कडेवरून बोट फिरवत सासूला म्हणाली, "आई, हे पुरुषाचं पुसनं नाही. कोन्या बाईचा हात हाये."

"माह्या पोरावर संशय घेतं काय तू?" विमलाबाई तडकली. मग तिनंही मला उचलून हुंगलं आणि खाली ठेवलं.

त्यानंतर मी रोज तपासला जाऊ लागलो. झाकण उलटं-सुलटं. कडी वर-खाली. एखादा चोर असावा तसा. अंकुश अंघोळीला गेला की त्याचा सदराही झटकला जाई. मला सगळं माहीत होतं, मित्रांनो. पण डब्याचं तोंड फक्त भरण्यासाठी असतं.

आणि एका संध्याकाळी अंकुश अंगणात फोनवर मित्राशी बोलत होता. "नाही बे, डबा बदलला मी. जुन्यात मन नाही लागत."

मला अर्थ कळला, मी गाडीत होतो. पण प्रतिक्षासाठी जगात डबा एकच होता, तो म्हणजे मी. तिच्या हातातलं ताट भांड्यांवर आपटलं. सकाळी चूल पेटली, लेकीचं दूध तापलं, पण मी पालथाच राहिलो. प्रतिक्षानं पिशवीत लेकीची झबली भरायला घेतली.

"डबा काहून नाही भरला?" अंकुशनं विचारलं.

"दुसरा भेटला ना तुमाले. त्यातच जेवा. मी चालली अड्याळले, माह्या मायकडे."

"कोनता दुसरा?"

"मी आपल्या कानानं आयकलं जी! डबा बदलला म्हनत होते. आन् रोजचे सिंगाडे? थे का आभाळातून पडते?"

अंकुश आधी गोंधळला, मग पोट धरून हसायला लागला. "अवं, गाडीचा डबा! बोगी! सिंगाडे शकुनबाई देते, माह्या आजीच्या वयाची हाये थे. तुह्या वड्या खाते रोज."

विमलाबाईनं कपाळावर हात मारला. प्रतिक्षाच्या ओठांवरही हसू येत होतं, ते तिनं दाबलं. झबली पिशवीतून बाहेर निघाली. मग एकदम तिचा हात थांबला.

"पन बदलला काहून? तुमचे तर सारे दोस्त होते थ्या डब्यात."

अंकुशचं हसू विझलं. "जागा भेटत नोहोती."

तो खोटं बोलत होता, हे तिला कळलं. तिच्या कपाळावर पुन्हा आठी पडली. तेवढ्यात खाटेवर पडलेले यादोराव उठून बसले.

"पुरं नाव विचारलं काय कोनी?"

अंकुशनं मान खाली घातली. "हो, बाबा."

स्टेशनाकडून गाडीचा आवाज आला आणि निघून गेला. अंकुशची गाडी चुकली होती. प्रतिक्षा लेकीला सासूकडे देऊन माझ्याजवळ आली. तिनं मला सरळ केलं. मी इतके दिवस तिचे संशयाचे हात ओळखत होतो. हे हात वेगळे होते.

"तुमी कायले बदलला डबा?" ती म्हणाली. "ज्याले तरास हाये थ्यानं बदलावा. उद्या जुन्या डब्यातच बसा. आन् माह्या वड्या झाकून ठेवायच्या नाही."

दुसऱ्या सकाळी अंकुश जुन्या डब्यात चढला. माझी कडी त्यानं नेहमीपेक्षा घट्ट धरली होती. शकुनबाईनं त्याला खिडकीतून पाहिलं आणि टोपली घेऊन मागोमाग आली. "मले सोडून इकडं कायले आला रे?" अंकुशनं पेपर पसरला, मला मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. शकुनबाईनं वडी उचलली. बाकी कोणाचा हात आला नाही. खिडकीबाहेर पाहणारा बाहेरच पाहत राहिला. वड्या उरल्या. त्या उरलेल्या वड्या अंकुशनं या वेळी लपून संपवल्या नाहीत. तशाच घरी आणल्या आणि प्रतिक्षासमोर ठेवल्या. तिनं त्या मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच केल्या.

अजूनही रोज माझं झाकण त्याच डब्यात उघडतं. मित्रांनो, मला चिंचेनं घासा, कल्हई उडाली तर करून घ्या, खिळे भरून फळीवर टाकू नका, एवढं तर मी मागेनच. पण कधी कोणी तुमच्यापुढे आपला डबा उघडला, तर आधी घास घ्या. नाव मागाहून विचारा.