जरा उजळ करा

मी एक जुना दिवा आहे. देव्हाऱ्यात तेवणाऱ्या दिव्यांशी माझं नातं तसं लांबचंच. मी फोटो स्टुडिओतला हॅलोजन. खाली तीन पायांचा लोखंडी स्टँड, वर पत्र्याचा टोप आणि टोपाच्या आत बोटाएवढी काचेची नळी. मित्रांनो, त्या नळीतली तार तापून तापून पार शिणली. भंगारात जायच्या आधी एका चेहऱ्याची गोष्ट तेवढी सांगून टाकतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं भाईंदर पश्चिमेला, राई-मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काशीनाथच्या स्टुडिओत. तेव्हा त्या वाटेवर मिठागरं होती. दुपारी मिठाच्या राशींवरून ऊन असं उसळायचं की मला माझीच लाज वाटे. बाहेर एवढा उजेड सांडलेला असताना या लोकांना माझी काय गरज? पण गरज होती. बारशाचं बाळ आलं, दहावीच्या परीक्षेला बसणारी मुलं आली, निवृत्त झालेले आजोबा कोट घालून आले. सगळे माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून गेले.

सगळ्यांत जास्त बसल्या त्या लग्नाच्या मुली. त्यांच्या आया काशीनाथच्या कानाशी लागून एकच वाक्य बोलायच्या, "काका, जरा उजळ करा." मग काशीनाथ मला मुलीच्या तोंडासमोर अगदी जवळ आणून ठेवी. तिच्या कपाळाला घाम फुटे, पावडर ओघळे, डोळे मिचमिचत. फोटोत चेहरा असा पांढराफेक येई की नाक कुठं संपलं नि गाल कुठं सुरू झाला ते कळू नये. त्या फोटोंवर स्थळं जमत. आसपासच्या गावांत माझं नाव झालं. काशीनाथ दसऱ्याला मला झेंडू वाहायचा.

पुढे त्याचा मुलगा अभिनव हाताशी आला. त्याने थंड उजेडाचे एलईडी आणले, कॉम्प्युटर आणला. आता उजळ करायला दिवा लागेना. बटण दाबलं की झालं. मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्या टोपावर गिऱ्हाइकांच्या ओढण्या नि पिशव्या लटकू लागल्या. दिव्याची खुंटी झाली. कुरकुर तरी कुणाकडे करायची? उभा राहिलो आपला जग बघत.

अशात महापालिकेची निवडणूक आली, आणि राई गावची मंजुळा प्रचाराचा फोटो काढायला आली.

मंजुळा मिठागरात राबणाऱ्यांची लेक. लहानपणी आईच्या मागे मागे तिने मीठ ओढलं होतं. मिठागर गेलं, पण मंजुळा राहिली; आळीच्या नळासाठी भांडली, गटारासाठी ऑफिसांचे उंबरे झिजवले. रंग म्हणाल तर भरतीत भिजलेल्या काळ्या कातळासारखा, तुकतुकीत. बरोबर तिची लेक चांदणी होती. कॉलेज संपलेलं, घरात स्थळांची बोलणी सुरू. तिने आईचाच रंग घेतला होता आणि आईचंच हसू. अभिनवने फोटो काढला. दोघी समाधानाने गेल्या.

त्याच जागेसाठी भूपेशही उभा होता. तो मंजुळाच्याच आळीतला. आता मात्र टॉवरमध्ये राहायचा आणि बांधकामाला माल पुरवायचा. नाक्यावरच्या सभेत माईक हातात आला नि त्याची जीभ सुटली, "मंजुळाताईंना माझी विनंती आहे, दिवे लागल्यावर प्रचाराला निघू नका. अंधारात नुसते दात दिसतात हो, मतदार घाबरतात!"

सभा खो खो हसली. ते हसणं फोनमधून घराघरांत गेलं, आमच्या स्टुडिओतही आलं.

"बाबा, हा सरळसरळ भेदभाव आहे," अभिनव म्हणाला.

"कसला भेदभाव? त्याने जात काढली का? धर्म काढला का? थट्टा केली. निवडणुकीत टकल्याला टकल्या म्हणतातच." काशीनाथने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "मी जातो का कुणाकडे तक्रार घेऊन?"

"टक्कल वेगळं, बाबा."

"कसं वेगळं, ते सांग ना."

तेवढ्यात चांदणी दारात आली. डोळे सुजलेले. आज आईचा फ्लेक्स छापायला जायचा होता. ती हळूच म्हणाली, "दादा, आईचा फोटो… जरा उजळ करा ना."

मित्रांनो, तेच वाक्य. माझ्या टोपावरची धूळसुद्धा ते वाक्य ओळखते. आणि आत्ता आत्ता ज्याने भेदभाव म्हटलं होतं, त्या अभिनवने मान डोलावून बटण दाबलं. एकदा, मग आणखी एकदा. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगल्या मनाने केलं त्याने. चांदणीनेही आईच्या मायेपोटीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंजुळा स्टुडिओत आली ती काखेत तो अख्खा फ्लेक्स गुंडाळून. मागे चांदणी, आणि तिच्या मागे आळीतली म्हातारी अंबिका, ठसक्यात.

"काका, ह्ये काय केलं तुमी?" मंजुळाने फ्लेक्स जमिनीवर पसरला. साडी तिची होती, कुंकू तिचं होतं. मधे कुणी परकीच बाई हसत होती, पिठाने सारवल्यासारखी.

"मी नाक्याव उभी," अंबिका हातवारे करीत सांगू लागली, "मंजुळा माज्या बाजूला. आनि मी तिलाच इचारते, काय गो, ही कोन नवी बाय उभी राहिलीय आपल्यात? मंग नाव वाचलंन कोनीतरी. मी बोलले, लाजलीस काय गो सोताच्या तोंडाला? वरून उतरव आधी."

"अख्ख्या नाक्यासमोर शिडी लावून उतरवला मी ह्यो," मंजुळा म्हणाली. "कोनाची आयडिया?"

चांदणीच पुढे झाली. "माझी. सगळे हसत होते ना आई. मला वाटलं, आता तरी कुणी हसणार नाही."

मंजुळा लेकीवर ओरडली नाही. जुन्या स्टुलावर बसली, पदराने मान पुसली. फार दमलेली दिसत होती.

"तो हसला त्या दिवशी मी जेवले. झोपले पन. इरोधक हाय, बोलनारच. पन आज नाक्याव ह्यो बघितला आनि घास उतरंना. भूपेशला माजा रंग खुपला तर खुपू दे. माज्या पोरीला खुपला, काका?"

चांदणी रडू लागली. काशीनाथने शेवटी आपलं तेच पुढे केलं, "मनावर घेऊ नको गं मंजुळा. राजकारण आहे. मला नाही का लोक टकल्या म्हणत?"

"तुमाला टकल्या बोलले तर तुमी एकटे टकले. मला काळी बोलले तर माजी आय काळी, माजी पोर काळी, आख्खी आळी काळी. गटार तुंबलंय बोलला असता तर भांडले असते. खोटारडी बोलला असता तर पुरावा मागितला असता. ह्याला काय उत्तर देऊ? तोंड धुवून येऊ? आनि टकलावरनं कोनाचं लगीन अडतं काय?"

"अडतं," काशीनाथ पुटपुटला. "माझं अडलं होतं. दोन ठिकाणी."

अंबिका फिसकन हसली. मंजुळालाही हसू आलं, पण ते तिथेच विरलं. "मंग तुमाला ठावं हाय की, काका."

भिंतीवर जुने फोटो लावलेले होते, लग्नाच्या मुलींचे. काशीनाथ त्यांच्यासमोर जाऊन एकेक पांढराफेक चेहरा बघू लागला.

नेमका त्याच वेळी भूपेश आपल्या पत्रकाचा फोटो बघायला आला. मंजुळाला पाहून क्षणभर चपापला, मग मोकळं हसला.

"काय मंजुळा, रागावलीस? अगं सभेत बोलावं लागतं. पब्लिक हसली, विषय संपला. तुझी जात नाही काढली मी. एकाच आळीतले आपण, मी तरी कुठे गोरा आहे?"

ते खरं होतं. भूपेशचा रंगही खाडीकाठचाच. पण अभिनवच्या कॉम्प्युटरवर त्याचाच फोटो उघडा होता, कालच सांगून दुरुस्त करून घेतलेला. गाल गुलाबी, कपाळ दुधासारखं.

मंजुळाने बोट दाखवलं. "मंग ह्यो कोन?"

भूपेशने पडद्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या फ्लेक्सकडे पाहिलं. दोन्ही चेहऱ्यांचा रंग एकच होता. "ते… ह्या पोरांनीच केलंय. सगळ्यांचंच करतात," एवढं बोलून फोन कानाला लावत तो बाहेर पडला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

"काका, नवा फोटो काढा," मंजुळा म्हणाली. "माजा."

अभिनव एलईडी लावायला उठला. काशीनाथने त्याला थांबवलं आणि तो माझ्याकडे आला. माझ्या टोपावरची ओढणी काढली, खांद्यावरच्या पंच्याने धूळ पुसली. मला वाटलं, आता पुन्हा तोंडासमोर नेणार. पण त्याने मला कडेला नेलं, लांब, खिडकीच्या बाजूला, आणि माझी मान जराशी वाकवली.

वायर जोडली. आधी मी चरचरलो, जळक्या धुळीचा वास सुटला, मग पेटलो.

मित्रांनो, इतकी वर्षं मी चेहऱ्यांवर उजेड ओतला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो नुसता टेकवला. मंजुळाच्या गालाच्या हाडावर माझा उजेड येऊन थांबला, कपाळावरून घरंगळला, डोळ्यांत जाऊन बसला. काळा रंग काही एकटा नसतो. त्यात तांबूस होता, निळसर होता, पिकल्या जांभळाचा होता. तिच्या गळ्याखालचं गोंदणसुद्धा मला दिसलं.

"हस जरा," काशीनाथ म्हणाला.

"हसायला येत न्हाय आज."

"मग तुझ्या आईचं ते मिठागरातलं गाणं म्हण. या रस्त्याने म्हणत जायच्या बायका."

मंजुळा ओठांतल्या ओठांत गुणगुणली,

"मीठ पिकलं पांढरं गो, खाडीच्या पान्यावर,
उन्हानं गोंदलं नाव बाय, माज्या कातडीवर."

दुसऱ्या ओळीला चांदणीने रडक्या आवाजातच सूर धरला. मंजुळाने लेकीकडे पाहिलं, आणि काशीनाथने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

तो फ्लेक्स नाक्यावर लागला. अंबिकेने खालून बघून म्हटलं म्हणे, "आता कशी आपली दिसते."

इथेच गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण निकालाच्या दिवशी गुलालात भूपेश न्हाला. मंजुळा पडली. तिच्या रंगाने पडली की आणखी कशाने, ते मला ठाऊक नाही. मतपेटीत दिवा नसतो. लोक म्हणाले, तो विनोद कधीच विसरलो. शब्द नसतीलही लक्षात राहिले. पण एकदा हसलेलं माणूस त्याच चेहऱ्याकडे पुन्हा सरळ बघत नाही, एवढं मी इतक्या चेहऱ्यांवरून सांगतो. म्हणून मला अभिनवचा 'भेदभाव' हा शब्द पटतो, आणि त्या शब्दात त्याचं स्वतःचं बटणही येतं, हेही पटतं.

पावसाळ्यानंतर चांदणी एकटी आली, स्थळासाठी फोटो काढायला. अभिनवने सवयीने खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली, मग ओशाळून थांबला. चांदणी काशीनाथला म्हणाली, "काका, तो जुना दिवा लावा. आईला लावला होतात तसा. कडेला."

मी पेटलो. तिचा फोटो झाला, आणि टक् असा आवाज होऊन माझी तार तुटली. अशी नळी आता बाजारात मिळत नाही. मला माळ्यावर ठेवलं आहे, धूळ बसू नये म्हणून एका फ्लेक्समध्ये गुंडाळून. कोणता फ्लेक्स, ते ओळखलंच असेल तुम्ही. आतून तो पिठासारखा चेहरा दिवसभर माझ्याकडे बघून हसत असतो. बिचारी. तिला राईत कुणीच ओळखत नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, माझं झालं. पण तुमच्याकडे डोळे आहेत, आणि तेही दिवेच आहेत. कुणाकडे बघाल तेव्हा ते तोंडावर रोखू नका. जरा कडेला उभे राहा, उजेड हळूच टेकवा, आणि समोर जो चेहरा आहे तोच दिसू द्या.