कुणी न ऐकलेलं वाक्य

क्षमाक्कानं आठ महिने टाळलेलं काम अखेर शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला बाहेर काढलं. नवरा गेल्यावर बायकोला मिळणाऱ्या पेन्शनचा अर्ज होता तो. मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंतची, आणि भरायचा ऑनलाइन. पेन्शन सुरू झालं तर बेंगळुरूच्या शिवाजीनगरातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड तिला स्वतःच्या हिमतीवर ठेवता येणार होतं. नाहीतर ते सोडून मुलाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटमध्ये सहाव्या मजल्यावर राहायला जायचं. मुलगा सुमंत गुणी, सून मैत्रेयी त्याहून गुणी. पण सेहेचाळीस वर्षांचा संसार जिथं झाला ती जागा सोडायचा विचारसुद्धा तिला नको वाटायचा.

मग आठ महिने काय करत होती, असं कुणीही विचारेल. अर्जावर नवऱ्याच्या नावापुढं ‘मयत’ लिहायचं होतं. तेवढ्यावर तिचं घोडं अडलं होतं.

सुमंत ऑफिसच्या कामासाठी परदेशात, म्हणून तिनं मैत्रेयीला फोन लावला. मैत्रेयी मूळची पुण्याची, बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या कंपनीत नोकरीला. सासूनं उत्साहानं सांगितलं, की पासबुक, पॅनकार्ड, पेन्शनचे कागद, सगळ्यांचे फोटो काढून झालेत, आता घरच्या ग्रुपवर टाकते, तू तिथून घे. त्या ग्रुपात तंजावरपासून धारवाडपर्यंतची बत्तीस माणसं होती, आणि त्यातला एक भाचा तर लॉटरी लागल्याचे निरोपही भक्तिभावानं पुढं पाठवायचा. मैत्रेयीनं तिला तिथंच थांबवलं.

साधा ईमेल करू का? नको, तोही कुणाच्या हाती लागला तर उघडाच. आकडे फोनवर वाचून दाखवू? एक चुकला तर पैसे भलत्याच्या खात्यात, शिवाय अर्जाला कागदच जोडायचे होते. मग एकच वाट उरली. कागदांची एक फाइल करायची, तिला पासवर्डचं कुलूप घालायचं, फाइल ईमेलनं पाठवायची आणि पासवर्ड मात्र तोंडानं सांगायचा. पेटी आणि किल्ली एका गाडीतून पाठवू नये, हे क्षमाक्काला पटकन पटलं. तिच्या आईनं लेकीच्या सासरी दागिने धाडताना तेच केलं होतं.

“पासवर्डात वाढदिवस नको, घरनंबर नको,” मैत्रेयी म्हणाली. “एक अख्खं वाक्यच घाला. तुमच्या तोंडून आजवर कुणीही ऐकलं नसेल, असं.”

असं वाक्य क्षमाक्काकडे होतं. एकच होतं. मैत्रेयी एकेक बटण सांगत गेली, ती चष्मा पुसत दाबत गेली, आणि साडेचारच्या सुमारास फाइल कुलूपबंद होऊन पोचली. क्षमाक्काला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग मैत्रेयीनं पासवर्ड विचारला, आणि क्षमाक्काच्या तोंडालाच कुलूप बसलं.

तिनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आजीनं सांगितलेलं. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा नेमकं नावाच्या जागी तिला खोकला आला होता. नरसिंहराव थट्टा करायचे, की रेशनच्या दुकानातला माणूससुद्धा मला नावानं ओळखतो, घरात मात्र मी नुसता ‘अहो’. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘अहो’.

“स्वल्प थांब गं,” ती म्हणाली. “आधी ह्यांचं नाव आहे. आणि पुढं जेवायला बोलावलंय.”

मैत्रेयीनं आपल्या परीनं लिहून पाहिलं. राव लावून पाहिलं, घरातले सगळे म्हणत ते अण्णा घालून पाहिलं. फाइल उघडेना. पाचला अठरा मिनिटं उरली होती.

“आई, तुम्हालाच म्हणावं लागेल,” ती हळूच म्हणाली.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. एकदा सुमंतच्या घरी, मैत्रेयीनं गॅससमोरूनच नवऱ्याला हाक मारलेली क्षमाक्कानं ऐकली होती. सुमंत, जेवायला ये. इतकी साधी हाक. त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये तिनं ती आपल्या नवऱ्याच्या नावानं मनातल्या मनात म्हणून पाहिली होती, आणि या वयात गाल तापले म्हणून खिडकीकडे तोंड केलं होतं. शेजारी नरसिंहराव डुलक्या घेत होते.

तिनं डोळे मिटले.

“नरसिंहा, जेवायला ये.”

आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. दोन्ही खोल्यांत ऐकू गेला असेल. कुणी ओ दिली नाही, आणि ती द्यायला कुणी उरलेलं नाही हे आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला खरोखर कळलं. ती पदर तोंडाला लावून रडली. पलीकडून मैत्रेयीच्या बोटांचा टकटक आवाज तेवढा येत राहिला.

पाचला सहा कमी असताना अर्ज गेला. पोचपावतीचा नंबर मैत्रेयीनं दोनदा वाचून दाखवला. फोन मात्र ठेवेना. मग तिनं विचारलं, की अण्णांचं नाव तुम्ही कधीच का नाही घेतलंत. क्षमाक्कानं आजीचं म्हणणं सांगितलं.

पलीकडून मैत्रेयीचा आवाज आला, बँका राखणाऱ्या बाईचा नव्हे, घाबरलेल्या लहान मुलीसारखा.

“मी तर सुमंतला दिवसातून शंभरदा नावानं हाक मारते, आई.”

“मार,” क्षमाक्का म्हणाली. “भरपूर मार. मी एकदासुद्धा घेतलं नाही गं, तरी ते गेलेच.”