हिरव्या शेतातला खोटारडा

मित्रांनो, मी एक जुना स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेड मोजणारं यंत्र आहे, आणि मला खोटारडा ठरवलं गेलं आहे. तो राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. इंदूरच्या एका कॉलेजने मला सोयाबीनच्या शेतात खांबावर बसवलं. पानं उन्हातला थोडासा प्रकाश मंद लाल रंगात परत सोडतात. तुमच्या डोळ्यांना तो दिसत नाही, मला दिसतो. रोप आतून थकलं की पान हिरवं असतानाच तो उजेड बदलतो. उपग्रह हाच उजेड आकाशातून मोजतो. त्याचं बरोबर आहे का, हे मी जमिनीवरून ताडून पाहतो. सुरुवातीला विद्यार्थी माझ्याभोवती गर्दी करायचे. मग हौस फिटली. भंवरकुआंहून स्कूटीवर येणारी, प्रयोगशाळेतली इरावती तेवढी रोज माझी काच पुसत राहिली.

गेल्या श्रावणात पावसाने ओढ दिली. सोयाबीन फुलोऱ्यात होतं. माझे आकडे घसरले, त्याच आठवड्यात उपग्रहाचेही घसरले. इरावती धावत विभागप्रमुख शाम सरांकडे गेली.

"सर, आपला पीकसल्ला घेणाऱ्या सत्तर गावांना आजच मेसेज पाठवू या. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी एक पाणी द्यावं."

सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अगं, पूरा खेत हिरवंगार आहे! मशीन खराब झालंय तुझं. काढ ते."

"एकदा तपासून तरी बघा, सर."

"टाइम कोणाला आहे?"

त्याच दुपारी मला सरांच्या ऑफिसातल्या कपाटात कोंबलं. आठ वर्षं उन्हापावसात उभा होतो मी! मेसेज गेलाच नाही. इरावतीने न राहवून ओळखीच्या एकाच शेतकऱ्याला, बंडू भियांना, म्हणजे बंडूभाऊंना, फोन केला. त्यांना पुरतं पटलं नाही. पण त्यांनी अर्ध्या शेताला पाणी दिलं.

तीन आठवड्यांनी ते दोन रोपं घेऊन ऑफिसात आले. एक शेंगांनी लगडलेलं, दुसरं पिवळं, फुलं गळालेलं.

"सर, ह्या मशीनला झूठा कोण बोललं? जरा समोर तर येऊ द्या!"

पुढे शाम सरांच्या अहवालात छापून आलं, 'उपग्रहाने वेळीच इशारा दिला होता.' माझं नाव नाही, इरावतीचंही नाही. इशारा कोणी दाबला, तेही नाही. मला पुन्हा खांबावर चढवलं, एवढंच.

मित्रांनो, यंत्रं चुकतात. माझ्यावर संशय जरूर घ्या. पण माझी काच पुसा, मला पांढऱ्या पाटीसमोर धरून माझं माप तपासा आणि आकडे पुन्हा बघा. दहा मिनिटांचं काम आहे. ती दहा मिनिटं कोणी दिली नाहीत, आणि सत्तर गावांतली फुलं गळून गेली.