जिन्याखालचा फ्यूजबोर्ड

मी एक जुना फ्यूजबोर्ड आहे, आणि माझी चौकशी करायला आजवर फारसे कुणी आलेले नाही. मित्रांनो, तुम्ही आलाच आहात तर जरा टेका. माझे सारे आयुष्य उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात, दगडी घरांच्या लांबच लांब ओळीतल्या एका भाड्याच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात गेले. सोबतीला इस्त्रीचे टेबल, एक कण्हणारा व्हॅक्यूम क्लीनर आणि नाताळच्या सजावटीचा खोका. खोका वर्षातून एकदा तरी बाहेरची हवा खाऊन येई. मला मात्र भिंतीला स्क्रूंनी आवळून टाकले होते, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आपापल्या सासवांची उणीदुणी काढत माझे भाग जोडत होत्या. मला जोडणारी बाई त्या दिवशी कुणावर तरी चांगलीच खवळलेली असावी, कारण तिने आवळलेला एकही स्क्रू पुढे ढिला झाला नाही. माझे झाकण तपकिरी आणि चकचकीत होते. आत पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज होते: एक दिव्यांचा, एक प्लगांचा, एक शेगडीचा आणि एक वरच्या मजल्यावरच्या टाकीतले पाणी तापवणाऱ्या हीटरचा.

घराचे मालक थोरले क्लेगसाहेब. फ्रँक हेस्केथ आणि त्याची नवी नवरी विनिफ्रेड भाड्याने राहायला आली, तेव्हा क्लेगसाहेबांनी मला हौसेने बसवून घेतले. झाकणावर थाप मारून ते म्हणाले की आता इकडे पाहायची गरज नाही. दुर्दैवाने ते शब्दाचे पक्के निघाले आणि पुन्हा कधी माझ्याकडे फिरकले नाहीत.

माझे काम तुम्हाला थोडक्यात सांगतो. घरात जाणारी सगळी वीज माझ्यातून जाई. एखाद्या तारेत ती वाजवीपेक्षा जास्त धावू लागली, की माझ्या फ्यूजमधली बारीक तार वितळे आणि वाट बंद होई. घरात अंधार पडे. लोक वैतागत, पण अंधार पडला याचा अर्थ मी माझे काम चोख केले असा असे. मग फ्रँक दातांत टॉर्च धरून, गुडघ्यांवर बसून कपाटात शिरे. “काय म्हाताऱ्या, आज काय बिघडलं पोटात?” असे विचारत तो नवी तार ओढे. जितकी जाडी हवी तितकीच, केसभरही जास्त नाही. काही घरांत लोक कंटाळून जाड तार घालतात, काही महाभाग तर चांदीचा कागद गुंडाळतात. फ्रँकने मला असे कधी फसवले नाही. आमची भेट होई ती अशी अंधारातच, आणि खरे सांगू, मी त्या अंधाराची वाट पाहत असे.

मग एका हिवाळ्यात फ्रँक गेला. विनिफ्रेडने, म्हणजे आमच्या विनीबाईंनी, त्याचा जाड लोकरी कोट माझ्या कपाटात आणून टांगला. कोटाची पाठ बरोबर माझ्या झाकणावर आली. त्यांना तो कुणाला देववत नव्हता आणि रोज समोर पाहवतही नव्हता. त्या कोटाच्या आड मी वर्षानुवर्षे बसून राहिलो. हीटर, दिवे, शेगडी सगळे नीट चाले. सगळे नीट चालते आहे म्हटल्यावर माझे दार कोण उघडणार?

मित्रांनो, आता सांगतो ती गोष्ट नीट ऐका, कारण सगळा घात तिथे झाला. माझी एक हिरवी तार स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या शिशाच्या पाइपाला बांधलेली होती. तो पाइप रस्त्याखाली जमिनीत दूरवर गेलेला होता. घरात कुठे वीज गळू लागली, तर तिने या पाइपाने झटक्यात जमिनीत पळावे आणि त्या झटक्याने माझा फ्यूज उडावा, अशी जुन्या लोकांची सोय होती. एकदा गल्लीत खोदकाम निघाले. शिशाचे पाणी प्रकृतीला वाईट म्हणून सगळ्या घरांचे जुने पाइप काढून निळे प्लास्टिकचे घातले. काम चांगलेच होते. पण प्लास्टिकमधून वीज जात नाही. माझी हिरवी तार नळाला बांधलेली दिसत होती, आणि जमिनीशी तिचा काही संबंध उरला नव्हता. हे मला कळले, पण मी सांगणार कुणाला? कोटाला?

पुढे वरच्या टाकीतला हीटर म्हातारा झाला आणि आतून चिरला. त्यातली वीज गळू लागली. पूर्वी मी त्याच दिवशी हीटरचा फ्यूज उडवून मोकळा झालो असतो. आता ती वीज हिरव्या तारेने नळापर्यंत येई आणि वाट न मिळाल्याने तिथेच थांबून राही. कुणी फरशीवर उभे राहून नळाला हात लावला, की त्या माणसाच्या अंगातून जमिनीत उतरू पाही.

विनीबाईंना पहिल्यांदा झिणझिण्या आल्या तेव्हा त्यांना वाटले, वयाने असेल. मग लक्षात आले की हे नळापाशीच होते. दुसऱ्या कुणी आरडाओरडा केला असता. त्यांनी भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे नळाशेजारी टांगून ठेवले आणि चहाचे पाणीसुद्धा ते घालूनच भरू लागल्या. मालकाला एका शब्दाने कळवले नाही.

त्याला कारण होते. ओळीच्या टोकाच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांनी छताच्या ओलीची तक्रार केली. त्यांच्या घरमालकाने माणसे आणून छत नीट केले आणि पाठोपाठ त्या गृहस्थांना घर सोडायला सांगितले. विनीबाईंनी त्यांचे सामान गाडीत चढताना खिडकीतून पाहिले होते. तेव्हापासून दुरुस्ती या शब्दाचीच त्यांनी धास्ती घेतली. फ्रँकचे सगळे आयुष्य ज्या घरात गेले, ते एका नळापायी सोडायची त्यांची तयारी नव्हती.

तोवर थोरले क्लेगसाहेब वारले होते आणि घर त्यांच्या पुतण्याकडे, एड्रियनकडे आले होते. हा परगावी राहणारा, भिडस्त आणि मऊ माणूस. याच सुमारास इंग्लंडात कायदा झाला, की भाड्याच्या घरातल्या तारा, प्लग, बोर्ड हे सगळे मालकाने जाणकार माणसाकडून निदान पाच वर्षांतून एकदा तपासून घेतलेच पाहिजे, तपासणीचा कागद भाडेकरूला दिला पाहिजे आणि धोका निघाला तर तो दूर केला पाहिजे. टेलिफोन जिन्यापाशीच होता, म्हणून हे मला घरबसल्या कळले. एड्रियनचा फोन आला. विनीबाई गोड आवाजात म्हणाल्या की या आठवड्यात पडदे धुवायला काढलेत. पुढच्या वेळी त्यांना सर्दी होती. त्याच्या पुढच्या वेळी चर्चमध्ये जुन्या कपड्यांची विक्री होती. एड्रियन दरवेळी “काही घाई नाही, तुम्हाला त्रास नको,” म्हणे. मग त्याने फोन करणेच सोडून दिले. दोघेही इतके सज्जन, की मला कोटाच्या आड बसून संताप येई. कायदा होता, तपासणारी माणसे होती, मी इथे होतो. मधे फक्त ही सभ्यता आडवी येत होती. दारावर वाजले की मला वाटे, आला. आणि तो पोस्टमन असे.

शेवटी विनीबाईंचे मनगट मुरगळले. हाताला पट्टी बांधल्यामुळे हातमोजा चढेना. शेजारची नसरीन चहा करून द्यायला आली. ती याच गल्लीत लहानाची मोठी झालेली, तोंडाने फटकळ आणि मनाने मायाळू. विनीबाई पायांत नेहमी रबरी तळाच्या सपाता घालत. नसरीन मात्र आपल्या घरच्या सवयीप्रमाणे कुणाच्याही उंबऱ्याशी जोडे काढी. ती अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या दगडी फरशीवर, किटली घेऊन नळाकडे निघाली.

“अगं, आधी ते हातमोजे घाल,” विनीबाई खुर्चीतून म्हणाल्या.

“विनी आंटी, चहा करायचाय. ऑपरेशन नाही.”

मग किटली पडल्याचा आवाज आला आणि नसरीन पडल्याचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तेवढा वाईट क्षण दुसरा नाही. तिच्या अंगातून गेलेली वीज माझ्यातून गेली होती. फ्यूज उडावा म्हणून मी जिवाच्या आकांताने वाट पाहिली, पण तो उडाला नाही. तिच्या अंगावाटे जाणारी वीज माझी तार वितळवायला पुरेशी नव्हती. माणूस मारायला मात्र त्याहून कितीतरी कमी वीज लागते. ती पडताना तिचा हात नळावरून सुटला, म्हणून ती वाचली.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला.

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“तो जरा चावतो,” विनीबाई म्हणाल्या. “पण हातमोजे घातले की काही होत नाही. उगाच कुणाला त्रास...”

“चावतो? आंटी, कुत्रं पाळलंय का तुम्ही सिंकमध्ये?”

नसरीनने त्यांना नळाला हात लावायला बंदी केली आणि तिथूनच आपल्या मोबाइलवरून एड्रियनला फोन लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही, पण त्याला फारसे बोलायला मिळाले नसावे. “पडदे धुवायला काढले होते? तुम्ही या घराचे मालक आहात की पाहुणे?” असे ती विचारत होती. “त्या नको म्हणाल्या तर का नको म्हणतात, हे विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

त्याच दिवशी दुपारी एड्रियन स्वतः आला, सोबत गॅरेथ नावाचा वायरमन घेऊन. कपाटाचे दार उघडले. फ्रँकचा कोट कुणीतरी अलगद उचलला आणि माझ्यावर उजेड पडला. गॅरेथने गुडघ्यांवर बसून माझे झाकण काढले. त्याने माझी एकेक तार हातात घेतली, मोजयंत्र लावले, वर जाऊन हीटर पाहिला, खाली येऊन नळ पाहिला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे इतके निरखून पाहत होते. मला फार बरे वाटले.

त्याने मेन स्विच बंद केला. म्हणाला, “हे असं चालू ठेवून मी इथून जाऊ शकत नाही.”

विनीबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या मनात होते ते आता बाहेर आले.

“म्हणजे मी कधी निघायचं?”

“निघायचं? कुठे?” एड्रियनला काही कळेना.

“दुरुस्ती निघाली की माणसं निघतात. मी बघितलंय.”

एड्रियन त्यांच्यापाशी खालच्या पायरीवर बसला. “मिसेस हेस्केथ, तारा बदलायच्या आहेत. भाडेकरू नाही. आणि हे उपकार नाहीत, माझं कामच आहे ते. मी टाळलं. मला वाटलं, तुम्हाला त्रास नको.”

“आणि मला वाटलं, तुला त्रास नको.”

“आणि त्रास झाला मला,” नसरीन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

विनीबाई आधी हसल्या आणि मग रडू लागल्या. एड्रियनने तिथल्या तिथे एका कागदावर लिहून दिले की त्या हव्या तितकी वर्षे इथेच राहतील. नसरीनने तो कागद वाचला, एड्रियनला खाली तारीख घालायला लावली आणि मगच आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गॅरेथने हिरव्या तारेसाठी जमिनीत तांब्याची लांब सळई ठोकली, हीटर बदलला, आणि माझ्या जागी पांढरा नवा बोर्ड बसवला. थोडीही वीज गळाली तर तो पापणी लवायच्या आत सगळे बंद करतो म्हणे. मला भिंतीवरून काढताना गॅरेथला घाम फुटला. “कुणी एवढे घट्ट आवळलेत हे स्क्रू,” तो म्हणाला. माझी झालेली ती शेवटची स्तुती. ज्या दिवसाची मी इतकी वर्षे वाट पाहिली, त्याच दिवशी माझे काम संपले. याचे मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण विनीबाई आपल्या घरात राहिल्या.

आता मी गॅरेथच्या परसात, भाड्याच्या घरांतून काढलेल्या जुन्या बोर्डांच्या ढिगात आहे. पावसाचे पाणी झाकणात साचते. इथे बहुतेकांची गोष्ट माझ्यासारखीच आहे. कुणाचा मालक विसरला, कुणाचा भाडेकरू घाबरला, आणि शेवटी कुणीतरी वेळेवर दार उघडले. म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. तुमच्या घरातही माझा कुणी भाऊबंद असेलच. तो गप्प आहे म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका. घर ज्याचे असेल त्याने जाणत्या माणसाला आणून दाखवावे, आणि त्या घरात जो राहतो त्याने नळ चावला तर त्याच दिवशी मोठ्याने सांगावे.

माझ्या शेजारी एक बोर्ड पडलेला आहे. त्याला झाकण नाही. तो अर्धा जळून काळा झाला आहे. मी आलो त्या दिवशी त्याला विचारले, तुझ्या घरात कोण राहत होते? तो अजून काही बोललेला नाही.