मांडवाखालची झोप

दुपारी दोनच्या सुमाराला नानासोच्या द्राक्षबागेत हरणाबाईला उभ्या उभ्या झोप लागली. हातातली कात्री मात्र चालतच राहिली. घडातले बारके मणी काढून घड विरळ करायचा होता. तिनं देठच कापला. मग शेजारच्या घडाचा, मग त्याच्या पलीकडच्याचा. पायावर गार काहीतरी पडलं तेव्हा ती दचकली. खाली ओल्या काळ्या मातीत हिरवे घड पडले होते, अख्खे.

बागेचा मालक नानासो दुसऱ्या टोकाला होता. चार ढांगांत आला.

"ही बया उद्यापासनं नको," तो टोळीच्या म्होरक्या अंजनाला म्हणाला. "धुक्यातनं बाग वाचवली, आन हिनं कात्रीनं झोडली."

"चुकलं, दादा," हरणाबाई म्हणाली.

"झोपायचं आसंल तर घरी झोप की!"

घरी झोप कुठली? पाळी गेल्यापासून डोळा लागतो न लागतो तोच छातीपासून कानापर्यंत जाळ उठायचा. साडी घामानं भिजायची, मग हुडहुडी भरायची. ती अंगणात शेळ्यांपाशी जाऊन बसायची. पहाटे भाकऱ्या, त्यानंतर जीप. आटपाडीकडच्या माळावरून तासगावपर्यंत. नवऱ्याला सांगितलं तर "चहा कमी पी" म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला. आता या टोळीतून नाव गेलं, तर दुसरी टोळी तिला घेणार नव्हती. असली बातमी जीपच्या आधी पोचते.

नानासो पाण्याच्या मोटारीकडं गेल्यावर बायका तिच्याभोवती आल्या.

"मला सांगायचं व्हतंस की गं," अंजना म्हणाली.

"काय सांगू? झोप येत न्हाई म्हनून? हसला असता तुमी."

"हसतंय कोन?" राणी म्हणाली. तिचं तान्हं लेकरू घरी सासूपाशी असायचं. "रातभर पोर छातीला. काल भाकरी थापता थापता परातीतच डोकं ठिवलं. सासू म्हनती, सून न्हवं, अजगर आनलाय घरात."

"मला पाळीच्या वक्ताला पोटदुखीनं डोळा लागत न्हाई," स्वप्नाली हळूच म्हणाली. बारावी झाल्यावर ती टोळीत आली होती. "आई म्हनती, मोबाईल बघत बसती."

थोरली मनुबाई तळहातावर तंबाखू मळत होती. "मी तर रातभर लघवीलाच उठती. आन म्हातारा इचारतो, कुटं निगालीस गं नटून?"

हशा उठला. हरणाबाईपण हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

अंजनानं कात्री कमरेला खोचली आणि थेट मोटारीपाशी गेली.

"दादा, हरणा उद्या येनार. आन उद्यापासनं जेवल्यावर आमी समद्याच जरा आडव्या व्हनार. सांजच्याला तेवढं जादा थांबू."

"माज्या बागंत बायका लोळत्यात म्हनून गावभर व्हईल!"

"तुमी दुपारचं घोंगडं टाकून पडता, ते कवा झालं गावभर?"

"मला पानी द्यायला रातचं उठाय लागतंय."

"आन आमी रातचं काय करतोय आसं वाटलं तुमाला?"

नानासोनं गाडीला किक मारली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि बायका खरंच वेलींच्या मांडवाखाली आडव्या झाल्या. कुणी डोक्याखाली टॉवेल घेतला, कुणी जेवणाचा डबा. राणी पडल्या पडल्या घोरायला लागली. स्वप्नाली पोटाशी पाय घेऊन निजली. मनुबाईच्या मुठीत तंबाखूची डबी तशीच राहिली. पहाऱ्याला बसलेल्या अंजनाची मानसुद्धा खांबाला टेकली.

हरणाबाई पानांतून येणारं ऊन बघत पडली होती. तेवढ्यात छातीतून जाळ उठलाच. तिनं पदर सोडला आणि गाल गार मातीला लावला.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. पावलं वेलींच्या रांगेतून आत आली, अंजनापाशी जरा घुटमळली, मग पुढं सरकली आणि हरणाबाईच्या उशाशी येऊन थांबली.

सगळ्या टोळीत ती एकटीच जागी होती. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

नानासोची पावलं कुणाला न उठवता हळूच फाटकाकडं परत गेली.