थरथर कुणाची

लॉन्ड्रीत मला सगळ्या तोफ म्हणायच्या. तोंडावर नाही म्हणायच्या, पण मला काय ऐकू यायचं नाही होय? इस्पितळाच्या तळघरात आमची लॉन्ड्री. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, गाऊन, पडदे आमच्याकडे यायचे. आम्ही चौदा बायका, आणि चौदाजणींची पुढारी मी. पुढारी म्हणजे काय, तर जिचं तोंड सगळ्यात मोठं तिला पुढे ढकलायचं.

पण त्या तोंडानेच आमचा घात व्हायचा. मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले की दोन मिनिटांत मी टेबल बडवायला लागायचे. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही आधी शांत व्हा, मग बोलू." झालं! चादरींत राहिलेल्या सुया बोटांत घुसतात, जाड हातमोजे द्या, एवढी साधी मागणी. पण कागदावर दरवेळी एकच उतरायचं, की बाईंनी आरडाओरडा केला म्हणून बैठक पुढे ढकलली. शेवटी युनियनचे सेक्रेटरी वैतागले. "तुमचं म्हणणं सोळा आणे खरं असतं हो, पण तुमच्या तोंडामुळे आपण हरतो," म्हणाले, आणि त्यांनी मला पुढाऱ्यांच्या तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं.

शिबिरात शिकवायला एक बाई होत्या. आवाज इतका मऊ की रडतं पोर झोपावं. म्हणाल्या, चपला काढा, उभ्या राहा, तळव्यांखालची जमीन जाणवू द्या. मी मनात म्हटलं, रोज आठ तास उभं राहून तळव्यांना भेगा पडल्यात, आता आणखी काय जाणवायचंय, कपाळ! मग त्यांनी विचारलं, "राग येतो तेव्हा अंगात आधी कुठे येतो?" याचं उत्तर मात्र मला माहीत होतं. आधी पोटऱ्या थरथरतात, मग छाती भरून येते, मग तोंड सुटतं. बाई म्हणाल्या, "थरथर आली की तिला म्हणा, तू माझी आहेस, ये आणि जा. तीन श्वास घ्या. राग हाकलू नका, पण त्याला बोलू देऊ नका. बोलायचं तुम्ही."

तिसऱ्या दिवशी दुपारीच मी तिथून निघाले. लॉन्ड्रीत दोघी रजेवर होत्या, आणि मला वाटलं, कळलं की सगळं, आता काय राहिलंय.

खोटं कशाला सांगू, फरक पडला. पुढच्या बैठकीत मॅनेजरने नेहमीसारखं टोचलं, माझ्या पोटऱ्या थरथरल्या, मी तीन श्वास घेतले आणि मऊ आवाजात म्हटलं, "साहेब, मी शांतच आहे. हातमोजे कधी देताय?" तो बघतच राहिला. पंधरा दिवसांत हातमोजे आले! मग काय, अर्ध्या हळकुंडात पिवळी झाले मी. रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना चपला काढून उभं करायला लागले. कुणी सुपरवायझरवर भडकली, कुणी नवऱ्याच्या नावाने रडली, की माझं एकच औषध: ती थरथर तुझी आहे, श्वास घे.

धाकटीला याचं फार हसू यायचं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. लॉन्ड्रीतही सगळ्या तिला धाकटीच म्हणायच्या. तिला कामाला मीच लावलं होतं. ती भोवऱ्यावर असायची. भोवरा म्हणजे ओल्या चादरी पिळणारं मोठं मशीन, आत पिंप गरगर फिरतं म्हणून ते नाव. शिफ्ट संपायच्या आधी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायचो. समोरासमोर उभं राहायचं, चार कोपरे चार हातांत, ओढ, झटक, पुढे ये. बोलावंही लागायचं नाही. फक्त ती मधूनच म्हणायची, "जाऊबाई, तुम्ही ओरडत नाही तर मला मेलं चुकल्याचुकल्यासारखं होतं."

त्या दिवशी अकरा वाजता मोठी बैठक होती. तेवढ्याच हातांनी दीडपट चादरी उरकायच्या, असं वरून फर्मान आलं होतं, आणि ते मला थोपवायचं होतं. साडेदहाला मी चालू भोवऱ्याजवळ चपला काढून उभी राहिले. डाव्या तळव्यात थरथर होती, पार गुडघ्यापर्यंत येत होती. मी म्हटलं, भीती आहे ही. माझी आहेस, ये आणि जा.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "जाऊबाई, आज पायाखाली कसंतरीच होतंय हो. थरथरल्यासारखं."

मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हटलं, "बैठकीची धास्ती घेतलीयेस तू. तुझीच थरथर आहे ती. श्वास घे."

"हं," म्हणाली ती, आणि तिने श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बैठकीत मी काय बोलले म्हणून सांगू! एकदाही आवाज चढला नाही. मॅनेजर मान हलवत होता. तेवढ्यात खालून दणका आला, टेबलावरचे ग्लास हलले, आणि मग बायकांच्या किंकाळ्या. भोवऱ्याचं पिंप जागेवरून निसटून झाकण फोडून बाहेर आलं होतं. धाकटीचा उजवा हात कोपरापासून गेला.

वरच्याच मजल्यावर तिला ठेवलं. तिच्या अंगाखाली जी चादर होती तिच्या कोपऱ्यावर आमच्या लॉन्ड्रीचा शिक्का होता. आम्हीच दोघींनी घडी घातलेली असणार. चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. आणि पाचव्या दिवशी इस्पितळाने कागद काढला: मशीन पूर्ण थांबण्याआधी कामगाराने झाकण उघडले, कामगाराचा निष्काळजीपणा.

हात तिचा गेला आणि चूकही तिचीच! चोर तो चोर वर शिरजोर. आता होणाऱ्या चौकशीत तेच ठरलं तर तिची नोकरी जाणार होती, आणि जन्मभर सगळे म्हणणार होते, स्वतःच्या हाताने हात घालवला हिने.

शिबिरातल्या बाई भेटायला आल्या. इस्पितळाच्या जिन्यात मी त्यांना सगळं सांगितलं, आणि मग पहिल्यासारखी सुटले. "तुमच्या श्वासाने माझ्या जावेचा हात खाल्ला!" जिना दणाणला. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिसऱ्या दुपारी मी एवढंच शिकवलं होतं. थरथर आली की तिला आपली म्हणण्याआधी विचारायचं, ही माझी की बाहेरची? बाहेरची असेल तर श्वास घेत बसायचं नाही, उठायचं. तुम्ही गेला होतात." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि चूक त्यांची नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "जमीन थरथरत होती हे सांगा, म्हणजे मशीन बिघडलेलं होतं हे सिद्ध होईल. पुढे विचारतील, मग बंद का नाही केलं? तर म्हणा, सुपरवायझरला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. तो कुठला साधू लागून गेलाय?"

सुपरवायझर साधू नव्हता. आळशी होता, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. पण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. रात्रभर मी कूस बदलत राहिले. सोपं होतं हो. धाकटी सुटली असती, माझं पुढारीपण राहिलं असतं, आणि एक आळशी म्हातारा बुडाला असता.

चौकशी लॉन्ड्रीतच झाली, बंद पडलेल्या भोवऱ्यासमोर. एका बाजूला मॅनेजर, एका बाजूला आमच्या बायका, मध्ये चौकशीचे साहेब. धाकटीला खुर्चीवर बसवलं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा सवयीने मी चपला काढल्या. तळव्यांत थरथर होती. मी विचारलं, माझी की बाहेरची? भोवरा तर तीन आठवडे बंद होता. म्हणजे माझीच.

मी सांगितलं, "त्या सकाळी जमीन थरथरत होती. थरथर भोवऱ्याखालून येत होती."

साहेबांनी विचारलं, "कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. मला वाटलं, माझे पाय कापताहेत. धाकटीला कळलं होतं. तिने मला सांगितलं. मी तिला म्हटलं, ती तुझी भीती आहे, श्वास घे. तिची चूक नाही. पुढारी म्हणून तिने मला सांगितलं होतं, आणि मी तिला गप्प केलं."

मशीन उघडून बघितलं तर आतलं बेअरिंग झिजून गेलेलं. निष्काळजीपणाचा शेरा खोडला, धाकटीची नोकरी राहिली, तिला वॉर्डांच्या नोंदीचं बसून काम मिळालं. पण अहवालात मॅनेजरने पुढचं वाक्य घालून घेतलंच: कामगार प्रतिनिधीला बिघाडाची आगाऊ कल्पना होती. माझी नोकरी गेली. चादरी दीडपटच झाल्या. बायकांनी दुसरी पुढारी निवडली, आणि रस्त्यात भेटल्या तर त्या मला "कसं चाललंय" विचारून पुढे जातात. एक मात्र ऐकलं. अजूनही रोज सकाळी त्या चपला काढून भोवऱ्याभोवती उभ्या राहतात, डोळे उघडे ठेवून. एकीला जरी शंका आली तरी मशीन लावत नाहीत. मॅनेजर चडफडतो म्हणे.

धाकटी घरी आली त्याला आता महिना झाला. काल ती दोरीवरची चादर काढून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. एक कोपरा डाव्या हातात, दुसरा दातांत. दोन कोपरे मी धरले. ओढलं, झटकलं, पुढे झाले. घडी वाकडी झाली. चादर खाली ठेवून ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही श्वास घे म्हणालात तेव्हा बटणावर हात होता माझा. मी बंदच करणार होते."

छाती भरून आली. मी डोळे मिटले, एक श्वास घेतला.

"श्वास घेऊ नका ना," ती म्हणाली. "ओरडा. पहिल्यासारखं एकदा ओरडा माझ्यासाठी."

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.