कॅल्शियमच्या बाटलीतल्या गोळ्या

मनोरमाबाईंना आपल्या सुनेचा भारी अभिमान. नायगावच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहायला आल्यापासून त्यांनी तो लिफ्टमध्ये, खालच्या बाकावर, भाजीच्या गाडीपाशी, जिथे दोन बायका उभ्या दिसतील तिथे मिरवला होता. "आमची ऋतिका होळी गावची हो, फुलांच्या वाडीत वाढलेली. तिने ओवलेली सोनचाफ्याची वेणी हलवून बघा, एक फूल गळायचं नाही. शाळेत चित्रकला शिकवते. माझा सुमेध सहा-सहा महिने जहाजावर असतो, पण घरात कशाची ओढाताण नाही."

एक गोष्ट मात्र त्या कधीच कुणाला सांगत नसत. ऋतिकाला अपस्मार होता. फिट येणं म्हणतो आपण, तोच. अकराव्या वर्षापासून.

त्यांना हे लपवून कुणी फसवलं नव्हतं. मुलगी बघायला गेले तेव्हा ऋतिकाने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सरळ सांगून टाकलं, "मला फिट येते. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांत एकदाही आलेली नाही. पसंती-नापसंती नंतर सांगा, हे आधी ऐका." तो सरळपणाच मनोरमाबाईंना आवडला होता. घरी परतताना त्यांनी मुलाला एवढंच बजावलं, "मला पसंत आहे. फक्त ही गोष्ट आपल्या उंबऱ्याबाहेर जायची नाही."

गेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मनोरमाबाई वर्तमानपत्र अंथरून बसत, पाकिटांतल्या गोळ्या एकेक करून काढत आणि कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरत. रिकामी पाकिटं मेथीच्या देठांखाली दडपून कचऱ्यात जात. ऋतिका बघायची आणि गप्प बसायची. तिची आणखी एक सवय होती. न्हाणीघराची कडी ती कधी लावत नसे. आत असली की गुणगुणत राही, म्हणजे बाहेरच्याला कळावं की आत माणूस आहे आणि ठीक आहे. ते गुणगुणणं दोन घरांमधल्या हवेच्या पोकळीतून, डक्टमधून, शेजारच्या डेल्फिनबाईंच्या स्वयंपाकघरात ऐकू जायचं. डेल्फिनबाई निवृत्त नर्स. त्यांना वाटे, पोरीला गाण्याची हौस आहे.

दोन हजार बावीसची संक्रांत आली ती करोनाची तिसरी लाट घेऊन. सुमेध जहाजावर. आधी ऋतिकाला ताप आला, दुसऱ्या दिवशी मनोरमाबाईंचा घसा धरला. दोघींची तपासणी पॉझिटिव्ह. तीन वर्षांची सुरुची तेवढी सुटली. डेल्फिनबाईंनी मास्क लावला आणि सुरुचीला सरळ उचलून आपल्या घरी नेलं.

"लस झालीय ना दोघींची?" त्यांनी दारातून विचारलं.

"दोन्ही डोस झालेत," मनोरमाबाई म्हणाल्या. फिटच्या आजारात लस नको म्हणून त्या घाबरत होत्या, पण ऋतिकाने स्वतः आपल्या डॉक्टरांना विचारून लस घेतली होती.

"मग घाबरू नका. औषधं मात्र सगळी माझ्याकडे द्या. दोन आजारी माणसं एकमेकींना गोळ्या देणार, म्हणजे सकाळची संध्याकाळी आणि हिची तिला. मी पुड्या करून दारात ठेवते."

त्यांनी औषधांचा ट्रे उचलला. त्यात मनोरमाबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या होत्या, डॉक्टरांनी फोनवर लिहून दिलेल्या तापाच्या गोळ्या होत्या आणि ती बाटलीही होती.

"ही काय?"

"ते... कॅल्शियम. ऋतिकाचं."

"उलट्या होतायत ना तिला? मग कॅल्शियम राहू दे चार दिवस. काही बिघडत नाही."

डेल्फिनबाई बाटली घेऊन गेल्या. मनोरमाबाईंनी नुसतं दार लोटून घेतलं.

दुपारी महापालिकेतून फोन आला. "पेशंटला आधीचा काही आजार? शुगर, प्रेशर, दमा, फिट?" दार किलकिलं होतं आणि नेमकी तेव्हाच समोरच्या फ्लॅटमधली बाई जिन्याच्या दारात कुंड्यांना पाणी घालत होती. "नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. "तिला काही नाही."

संध्याकाळी त्यांनी डेल्फिनबाईंना फोन लावला. "ती बाटली जरा द्याल का?"

"अहो, एवढी कसली घाई कॅल्शियमची?"

"नाही, असंच." फोन ठेवला. अंगात ताप, डोकं जड. मनाला समजावलं, सात वर्षं काही झालेलं नाही, एक-दोन वेळा चुकली तर काय होतंय. उद्या सांगू. आतल्या खोलीत ऋतिका तापाने ग्लानीत होती. पुडी येई, ती उघडून डोळे मिटूनच गिळी. आपली गोळी त्यात असणारच, हा तिचा भरवसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ताप एकशेदोनच्या वर होता. भिंत धरून धरून ती न्हाणीघरात गेली, तोंड धुवायला. आतून बारीक गुणगुण येऊ लागली. बाहेर खुर्चीवर बसलेल्या मनोरमाबाईंना बरं वाटलं.

आणि गुणगुण मधेच थांबली.

मग प्लास्टिकचा मग पडल्याचा आवाज. दार ढकललं तर ऋतिका जमिनीवर होती. हातपाय ताठ, मग झटके, डोळे वर गेलेले. लहानपणी पाहिलेलं, ऐकलेलं सगळं एकदम आठवलं. त्या स्वयंपाकघरात धावल्या आणि जेवणाचा चमचा घेऊन परत आल्या. तोंडात घालायला.

"चमचा नको!"

डेल्फिनबाई दारात उभ्या होत्या. डक्टमधलं गाणं तुटलेलं त्यांनीही ऐकलं होतं. सुरुचीला बिस्किटं देऊन बसवून, आपल्याकडे ठेवलेली या घराची किल्ली घेऊन त्या आल्या होत्या. "तोंडात काही घालायचं नाही. कांदा नको, चप्पल नको, पाणी नको. हातपाय दाबू नका. तो टॉवेल द्या डोक्याखाली. बादली बाजूला घ्या." बोलता बोलता त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. झटके थांबताच ऋतिकाला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ बाहेर वाहू दिली. "दोन मिनिटं. पाच झाली असती तर अँब्युलन्सच बोलावली असती. हिला आधी कधी आलीय?"

मनोरमाबाई टॉवेलच सारखा करत राहिल्या. ऋतिकाने हळूहळू डोळे उघडले. कुठे आहे ते तिला समजत नव्हतं. सासूचा चेहरा ओळखल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला.

"आई, मी गोळी घेतली होती ना?"

त्या एका वाक्याने मनोरमाबाईंचा सारा तोरा गळून पडला. पोरीला स्वतःचीच चूक वाटत होती.

"नव्हती घेतलीस, बाळा. मी दिलीच नाही." मग डेल्फिनबाईंकडे वळून, "ते कॅल्शियम नाही."

डेल्फिनबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या घरी गेल्या, बाटली आणली, तापाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपल्याच हाताने फोन लावला आणि मनोरमाबाईंच्या हातात दिला. "तुम्ही सांगा. लपवलं तुम्ही, तर सांगायचंही तुम्हीच."

घराचं दार सताड उघडं होतं. समोरची बाई कुंडीपाशी थबकली होती. मनोरमाबाईंनी आवाज खाली आणला नाही. "माझ्या सुनेला अपस्मार आहे. काल महापालिकेच्या फोनवर मी नाही म्हटलं, ते खोटं होतं."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, आता किती द्यायची ते सांगितलं, पुन्हा झटका आला किंवा दम लागला तर लगेच रुग्णालयात आणा म्हणाले. "करोना झाला म्हणून फिट येतेच असं नाही, आजी. पण अंगात ताप, उलट्या, झोपेचं खोबरं आणि त्यात नेमाची गोळी बंद, म्हणजे आटोक्यातला आजार उसळतो. करोनाची काही औषधं या गोळ्यांशी जुळत नाहीत, म्हणून आम्हाला आधी कळायला हवं. ही गोळी एक वेळही चुकवू नका."

ऋतिकाला पलंगावर झोपवून दोघी बाहेर आल्या. मनोरमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "लोक काय म्हणतील याचीच भीती होती हो. उद्या सुरुचीच्या लग्नात..."

"तीन वर्षांची आहे ती. आत्ता माझ्याकडे बसून माझी बिस्किटं संपवतेय." डेल्फिनबाई खुर्ची लांब ओढून बसल्या. "मनोरमाताई, माझी शुगरची गोळी माझ्या आल्तारजवळ, येशूच्या तसबिरीपाशी असते. तुमची प्रेशरची फ्रिजवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मग हिचीच का चोरून? मेंदूही शरीरातच असतो ना? मी चौतीस वर्षं नर्स होते. खरं कळलं असतं, तर पहिल्या पुडीत ती गोळी मीच बांधली असती. माझ्या हातून ती बंद झाली, हे मला किती लागलंय, ठाऊक आहे?"

मनोरमाबाईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, "ती पहिल्या दिवशी चहाचा ट्रे ठेवून मला खरं सांगून मोकळी झाली. मला ते आवडलं. आणि त्याच पोरीला मी पाच वर्षं खोटं जगायला लावलं."

ऋतिका दहा दिवसांत हिंडूफिरू लागली. गोळ्या नेमाने सुरू राहिल्या, झटका पुन्हा आला नाही. फ्रिजवर मनोरमाबाईंच्या पाकिटाशेजारी तिचंही पाकीट आलं, नाव वर करून.

पुढच्या संक्रांतीला ऋतिकाने घरी हळदीकुंकू ठेवलं. माहेरच्या वाडीतून सोनचाफा आला. ज्यांना कुंकू लावायचं त्यांनी लावलं, फूल मात्र सगळ्यांनाच मिळालं, डेल्फिनबाईंना आणि बायकांच्या घोळक्यापासून लांब उभ्या असलेल्या दोन विधवांनाही. वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एक डबी पडली. सात वारांचे सात कप्पे, गोळ्या ठेवायला. आत ऋतिकाने स्वतः चित्रं काढून केलेला छोटा कागद होता, फिट आली तर काय करावं आणि काय करू नये याचा.

"हे कसलं गं नवीन वाण?" समोरच्या बाईने विचारलं.

मनोरमाबाई उत्तर देणार, तोच सुरुची खुर्चीवर चढली. "माझ्या आईला फिट येते. तेव्हा चमचा नाही द्यायचा. कुशीवर वळवायचं. आणि घड्याळ बघायचं."

बायका हसल्या. मनोरमाबाई नेहमीसारख्या ताठ उभ्या राहिल्या, आणि नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "आमची ऋतिका हो. अपस्मार सांभाळून शाळा करते, घर करते, लेक वाढवते. आहे का कुणाची अशी सून?"

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी बाटली असेल, वर एक नाव आणि आत दुसरंच औषध. ती आजच रिकामी करा. अपस्मार हा लाजेचा विषय नाही, उपचाराचा आहे. साथ येवो, ताप येवो, नेमाची गोळी थांबता कामा नये, आणि डॉक्टरांपासून काही लपता कामा नये. ज्या माणसाचा आपल्याला अभिमान आहे, त्याचा आजारही त्याचाच असतो. अभिमान धरायचा तर पुरता धरावा.

त्या संध्याकाळी पाहुण्या गेल्यावर ऋतिका तोंड धुवायला आत गेली. डक्टमधून गुणगुण सुरू झाली. पलीकडच्या स्वयंपाकघरातून डेल्फिनबाईंनी सूर मिळवला.